बुडालेल्या बोटींचा रविवार

पोलवेनिक, सोमवार, ३ मार्च २०२५

श्री. हेडली ट्रगिअर यांस,

आपले प्रचारपत्रक आज सकाळी माझ्या दाराच्या फटीतून आत टाकण्यात आले. त्यावर आपण धक्क्यावर उभे आहात आणि आपल्या हातात ती फळी आहे, जिच्यावर ‘टॅमसिन’ ही अक्षरे अजून वाचता येतात. खाली मजकूर आहे: ‘ब्रसेल्सच्या हुकमाने ज्याची बोट मोडली, तो पोलवेनिक पुन्हा विकू देणार नाही.’ पत्रकावर माझे नाव हाताने लिहिले आहे आणि त्यापुढे ‘दाजी, या वेळी तरी’ असे चार शब्द आहेत. अक्षर आपलेच आहे. मी ते ओळखतो. आपल्या आयुष्यातील महत्त्वाची पत्रे मीच शुद्ध करून दिलेली आहेत.

आपली भगिनी आणि माझी पत्नी लव्हडे हिला जाऊन येत्या आठवड्यात सोळा आठवडे होतील. या काळात मी आपल्याशी बोललो नाही. आताही बोलत नाही, लिहितो आहे. पस्तीस वर्षे मी शाळेत लॅटिन आणि फ्रेंच शिकवले आणि त्या पस्तीस वर्षांत एकाही मुलाला पूर्वसूचना दिल्याशिवाय शिक्षा केली नाही. हीच शिस्त मी आपल्या बाबतीतही पाळणार आहे. हे पत्र म्हणजे ती सूचना.

आपल्याला माहीत असलेल्या काही गोष्टी मी मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण या पत्राची प्रत मी ठेवली आहे आणि ती उद्या इतरांच्याही हाती पडेल.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आपल्या धक्क्यावर बुडालेल्या बोटींची नावे वाचली जातात. मी बोटीचे नाव आणि साल उच्चारतो. धक्क्यावर जमलेली माणसे उत्तर देतात, ‘घरी आली नाही.’ एकूण एकतीस नावे आहेत. हे वाचन माझ्याकडे आले, ते माझे उच्चार स्पष्ट आहेत म्हणून, आणि या बंदरात माझे कोणीही बुडालेले नाही म्हणूनही. ज्याच्या घरातले गेले आहे त्याचा आवाज मध्येच बसतो. मी बाहेरचा. अडतीस वर्षांनंतरही बाहेरचाच.

त्या एकतीस नावांपैकी तिसावे नाव ‘टॅमसिन’ आहे, साल २००१. ती समुद्रात बुडाली नाही, तरी तिला यादीत घ्यावे, असा आग्रह आपण धरलात. बोटी कमी करण्याच्या सरकारी योजनेखाली तिचे तुकडे करावे लागले, तेव्हा तिला सरकारने बुडवले असेच समजा, असे आपण सभेत रडत सांगितलेत. लोकांनी मानले. मृत माणसांच्या बोटींच्या रांगेत आपल्या बोटीला जागा मिळाली आणि त्या जागेवर उभे राहून आपण पुढची सगळी उंची गाठलीत: मच्छीमार संघाचे अध्यक्षपद, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सोळा सालच्या मतदानापूर्वीचा तो बोटींचा ताफा, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे आणि आता कॉर्नवॉलच्या परिषदेची उमेदवारी.

परंतु ‘टॅमसिन’चे तुकडे कधीच झाले नाहीत. आपण ती हॉलंडच्या एका कंपनीला विकलीत. नुसती बोट नव्हे. तिच्याबरोबर मासेमारीचा परवाना आणि तिच्या वाट्याचा मासळीचा कोटाही विकलात. ती आजही कॉर्नवॉलच्या नोंदणीवर आहे, आजही ब्रिटिश झेंडाच लावते आणि आपल्या समुद्रातली मासळी हॉलंडच्या बंदरात उतरवते. परकीय लोक आमची मासळी लुटतात, असे आपण ज्या सभांमधून ओरडत होता, त्या मासळीतला एक वाटा आपण स्वतः त्यांच्या हाती दिला होता. हे मला माहीत आहे, कारण विक्रीचे पत्र आपण माझ्याकडून लिहून घेतले होते. नावाची फळी विक्रीपूर्वी आपण काढून घेतलीत, तेव्हा स्क्रूड्रायव्हरही माझाच होता.

लव्हडेने मला शपथ घातली होती. तिच्या हयातीत मी गप्प राहिलो आणि बावीस वेळा ती खोटी ओळ स्पष्ट उच्चारात वाचली. आता शपथ सुटली आहे.

या वर्षी तो रविवार सत्तावीस एप्रिलला येतो. मतदान त्यानंतर चौथ्या दिवशी आहे.

कळावे.

एडगर हॅलिवेल

*

पोलवेनिक, बुधवार, १९ मार्च २०२५

श्री. ट्रगिअर,

मी पत्र पाठवले होते. त्याचे उत्तर पत्राने द्यायचे असते. आपण त्याऐवजी रविवारी भर दुपारी, मी जेवत असताना, स्वयंपाकघरात शिरलात. झालेले संभाषण मी त्याच दिवशी टिपून ठेवले आहे. आपल्याला त्यात काही दुरुस्त करायचे असल्यास कळवावे.

आपण म्हणालात, “दाजी, ते कागद जाळून टाका.”

मी म्हणालो, “बसा.”

“बसायला नाही आलो. ताई असती तर तुमची हिंमत झाली असती का?”

“नसती. म्हणूनच आता लिहिले.”

“वा! बायको असेपर्यंत शेळी, आणि ती गेल्यावर वाघ.”

आपण माझ्या ताटाकडे पाहिलेत. डब्यातल्या वाटाण्यांबरोबर मी काय खातो आहे ते पाहून आपण म्हणालात, “हे जेवण आहे? ताईनं हे कुत्र्याला घातलं नसतं.” मग आपण आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली मांस-बटाट्याची पेस्टी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. ती अजून गरम होती. आपण गेल्यावर मी ती खाल्ली नाही, हे आपल्याला कळावे.

नंतर आपला आवाज खाली आला. आपण म्हणालात, “पंचवीस वर्षं झाली त्याला. माझ्यावर कर्ज होतं, पोरगी लहान होती. मी एकट्यानंच विकली का? आणि विकली ते विकली, पण समुद्र तर आपलाच आहे ना? तो परत मागायला मी खोटारडा असलो म्हणून काय झालं?”

हे वाक्य मी दोन वेळा वाचले आहे.

परंतु माझी तक्रार बोटीबद्दल नाही. आपण बोट विकलीत म्हणून मी आपला सूड घेणार नाही. लव्हडेबद्दल घेणार आहे.

तिचा धंदा काय होता हे आपण विसरला असाल, कारण अलीकडच्या भाषणांत आपण तो उल्लेखत नाही. कोळी-खेकडे. लांब पायांचे, काटेरी, ज्यांना इकडे कोणी तोंड लावत नाही आणि ज्यांच्यासाठी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली आणि स्पेनमधली माणसे रांगा लावतात. आपल्या बंदरातल्या अकरा लहान बोटी तिला खेकडे देत. ती ते टाक्यांत जिवंत ठेवी आणि पाण्याच्या टाकीच्या लॉरीतून फ्रान्समधल्या रॉस्कॉफ बंदरात पाठवी. सकाळी टाक्यांवरून हात फिरवताना कोणता खेकडा वाटेत मरणार हे तिला नुसत्या पायांच्या हालचालीवरून समजे. तो ती बाजूला काढी. तीस वर्षांत तिच्या लॉरीत कधी मेलेला माल निघाला नाही.

डिसेंबर २०२० मध्ये रॉस्कॉफचे तिचे गिऱ्हाईक ल गॉफ यांनी तिला फोन केला. फोनवर मीच बोललो. नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी त्यांच्या गोदामात दोन टाक्या भाड्याने घ्या, तिथेच आपली शाखा नोंदवा, जानेवारीपासून सीमेवर काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लव्हडे तयार होती. बॅग भरलेली होती. त्या शुक्रवारी पबमध्ये, सगळ्या बंदरासमोर, आपण ग्लास वर करून म्हणालात, “ऐका रे, माझी ताई फ्रेंचांच्या दारात पथारी टाकायला निघालीय! आपण जिंकलो तरी हिला त्यांचीच भीक गोड लागते!” लोक हसले. पुढे आपण म्हणालात, “एक जानेवारीनंतर तेच इथे येऊन रांग लावतील, ताई. दुप्पट भावानं. माझा शब्द.”

तिने बॅग रिकामी केली. तिला मी विचारले, का? ती म्हणाली, “सगळ्यांसमोर बोलला तो. आता गेले तर त्याची मान खाली जाईल.” आपल्या आईच्या मृत्यूनंतर आपल्याला तिने वाढवले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आपली मान खाली जाऊ नये, हे काम तिने त्या दिवसापासून अंगावर घेतलेले होते.

जानेवारीत काय झाले ते मी पुन्हा लिहीत नाही. लॉरी तीन दिवस अडली. चार टन खेकडे मेले. फेब्रुवारीत दुसरी लॉरी अडली. मार्चमध्ये अकरापैकी सात बोटींनी तिला माल देणे थांबवले. आणि आपण वर्तमानपत्राला सांगितलेत: “नव्या स्वातंत्र्यात अडचणी नाहीत. काही लोकांना साधा फॉर्म भरता येत नाही, त्याला देश काय करणार?”

तिने ते वाचले. घडी घातली. चहा केला. दीड वर्षाने टाक्या विकल्या. शेवटची टाकी गेली त्या दिवसापासून तिला जिन्यावर दम लागू लागला.

जाताना आपण दारात थांबून म्हणालात की तिच्या मृत्यूची बातमी आपल्याला पोस्टमनकडून कळली. ती इस्पितळात होती त्या दोन दिवसांत मला सवड नव्हती. याविषयी आणखी काही लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

एडगर हॅलिवेल

*

पोलवेनिक, मंगळवार, ८ एप्रिल २०२५

श्री. ट्रगिअर,

या वेळी आपण लिहिलेत, याबद्दल आभार. आपल्या पत्रात अशुद्धे पुष्कळ आहेत, परंतु अर्थ पोहोचला. आपण लिहिता: ‘तुम्ही यादी वाचायला तोंड उघडलंत तर मी शाईचं सांगेन.’

सांगण्याचे कष्ट आपण घेऊ नयेत. मीच लिहून ठेवतो. ही प्रतही इतर प्रतींबरोबर राहील.

जानेवारी २०२१ मधल्या त्या पहिल्या लॉरीबरोबर आरोग्याचा दाखला जोडायचा होता. अठरा पाने होती. फ्रेंच भाषेत आणि इंग्रजीत. जे कलम लागू नाही ते प्रत्येक ठिकाणी खोडायचे, प्रत्येक खोडण्यापुढे पशुवैद्याने सही करायची आणि शिक्का मारायचा. ते कागद मी तयार केले. दोन दिवस लागले. इतके निर्दोष काम मी आयुष्यात कमी वेळा केले असेल.

पशुवैद्य टाकीघरात आल्या आणि त्यांनी खिशातून निळे बॉलपेन काढले. मी त्यांना थांबवले. सरकारी कागदावर काळ्या शाईनेच सही करतात, हे मी चाळीस वर्षे पाळत आलो होतो. मी त्यांना माझे पेन दिले. लव्हडे म्हणाली, “एडगर, त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे. रोज करतात त्या.” मी तिला उत्तर दिले की रोज चुकीचे केल्याने ते बरोबर होत नाही.

नियम असा होता की सहीचा रंग छापील अक्षरांपेक्षा वेगळा असला पाहिजे, म्हणजे ती मूळ सही आहे आणि छायाप्रत नाही हे ओळखता येते. छापील अक्षरे काळी होती. हा नियम सूचनांच्या एकोणिसाव्या पानावर होता. मी दाखल्याची अठरा पाने पाठ केली होती. सूचनांचे एकोणिसावे पान मी वाचले नाही, कारण शाईसारख्या गोष्टीत मला कोणाच्या सूचनेची आवश्यकता आहे असे मला वाटले नव्हते.

रॉस्कॉफच्या अधिकाऱ्याने लॉरी बाजूला लावली. नवीन दाखला पोहोचेपर्यंत तीन दिवस गेले. लॉरीचा चालक परत आला, तेव्हा त्याने कारण लव्हडेला सांगितले आणि, मला आता कळते आहे, आपल्यालाही सांगितले. तिने बंदरात सर्वांना सांगितले की फेरीबोट उशिरा सुटली. मला तिने एवढेच म्हटले, “झालं ते झालं. टाकी धुवायला ये.” आम्ही दोघांनी ते खेकडे फावड्याने ओढून काढले. मेलेल्या खेकड्याचा वास कपड्यांतून जात नाही. माझा तपकिरी कोट तिने जाळला.

हे झाले. आता आपल्याकडे दाखवायला काहीच नाही.

आपण चार वर्षे हे कोणालाही सांगितले नाहीत, असे आपण लिहिता, आणि फॉर्मचे ते वाक्य रागाच्या भरात गेले, त्यात माझे नाव घेतले नाही, असेही. ते खरे आहे. आपण हे तिच्यासाठी केले असेल. मी आभार मानणार नाही. दोन लॉऱ्या सोसून तो धंदा उभा राहिला असता, जर रॉस्कॉफला त्या दोन टाक्या असत्या. त्या नव्हत्या, कारण आपला ग्लास वर होता आणि सगळे बंदर हसत होते. माझी चूक अठरा पानांच्या एका कागदावरची होती. आपली चूक, देशाला विकता आली इतकी मोठी होती.

आणि आता लंडन पुन्हा ब्रसेल्सशी बोलणी करते आहे. दाखले रद्द होतील, लॉऱ्या पूर्वीसारख्या जातील, अशी चर्चा आहे. आपले पत्रक त्याला ‘दुसरा विश्वासघात’ म्हणते. लव्हडेच्या टाक्या ज्याने वाचल्या असत्या, त्याच गोष्टीविरुद्ध आपण मते मागत आहात. तीही तिच्या थडग्यापासून शंभर पावलांवर उभे राहून. मी मोजली आहेत.

आपण शेवटी विचारले आहे: ‘इस्पितळात फोन नव्हता का?’

फोन होता.

एडगर हॅलिवेल

*

पोलवेनिक, सोमवार, २१ एप्रिल २०२५

श्री. ट्रगिअर,

काल ईस्टरच्या प्रार्थनेनंतर आपण चर्चच्या फाटकाशी माझी वाट पाहिलीत. लोक जात-येत होते म्हणून मी थांबलो. आपण टोपी काढलीत आणि म्हणालात, “यादीतून नाव गाळा हवं तर. मी विचारणार नाही. पण मोठ्यानं सांगू नका. माझ्या पोरीची पोरं असतात तिथे.”

मी विचार केला. हा मी आपल्याला दिलेला शेवटचा वेळ समजावा.

नाव गाळणे मला मान्य नाही. गाळलेल्या नावाबद्दल लोक विचारतील आणि उत्तर आपण द्याल. आपली उत्तरे लोकांना आवडतात. आपण एखादी नवी फळी शोधून आणाल.

माझा प्रस्ताव असा: आपण स्वतः बोलावे. एकोणतिसाव्या नावानंतर मी थांबेन. आपण पुढे यावे आणि जे आहे ते सांगावे. तसे केल्यास मी एकही शब्द जोडणार नाही आणि माझ्याकडचे सर्व कागद आपल्याला देईन. मी दहा अंक मोजेपर्यंत थांबेन. शाळेतही तेवढेच थांबत असे.

आपण आला नाहीत, तर मी वाचेन.

मला सुडाचा आनंद होतो का, असे पाद्रीबाईंनी परवा विचारले. (त्यांना कोणी सांगितले हे मी विचारले नाही.) मी म्हणालो, होतो. रोज सकाळी उठल्यावर अंथरुणाच्या दुसऱ्या बाजूला हात जातो, आणि त्यानंतर लगेच आपण आठवता. मग मी उठू शकतो. त्यांना हे उत्तर आवडले नाही. त्यांनी केशर घातलेला गोड पाव पुढे केला आणि हवामानाबद्दल बोलल्या.

रविवारी अकरा वाजता. ओहोटी असेल, धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या असतील. आपण आलात तर डाव्या बाजूने यावे.

एडगर हॅलिवेल

*

पोलवेनिक, सोमवार, २८ एप्रिल २०२५

हेडली,

काल जे घडले ते आपण पाहिलेत. तरीही मी ते लिहितो, कारण आपण जिथे उभे होता तिथून सर्व ऐकू गेले नसावे. शिवाय नंतर आपण मला एक प्रश्न विचारलात, त्याच्यापर्यंत पोहोचायला मला ही वाट चालावी लागेल.

एकोणतीस नावे मी वाचली. माझा आवाज स्थिर होता. प्रत्येक नावानंतर उत्तर आले. एकोणतिसाव्यानंतर मी थांबलो आणि मोजू लागलो. आपण मासळीच्या खोक्यांपाशी होता, नातवंडांच्या खांद्यांवर हात ठेवून. चारपर्यंत मोजल्यावर आपण एक पाऊल पुढे टाकलेत. सहाला थांबलात. दहा झाले.

मी वाचले: “टॅमसिन. दोन हजार एक. ती बुडाली नाही. तिचे तुकडे झाले नाहीत. हेडली ट्रगिअर यांनी ती परवान्यासह हॉलंडच्या कंपनीला विकली. ती आजही तरंगते आहे.”

हे वाक्य मी पाच महिने घडवले होते. त्यानंतर जे व्हायला हवे होते तेही मी अनेकदा डोळ्यांसमोर आणले होते. लोक वळतील. आपल्याकडे पाहतील. कोणीतरी थुंकेल.

कोणीही वळले नाही. वारा होता, दोऱ्या खांबांवर आपटत होत्या. मग जेनिफर पेंडर म्हणाली, “घरी आली नाही.” तिच्या मागून सगळा धक्का म्हणाला, “घरी आली नाही.” इतर नावांना म्हटले होते तितक्याच आवाजात; कदाचित थोडे अधिकच.

मी कागद हातात धरून उभा राहिलो. त्यांना ऐकू आले नसावे, असे मला वाटले. मी पुन्हा वाचण्यासाठी तोंड उघडले. तेव्हा जेनिफर पुढे आली. एकतिसावे नाव ‘ब्राइट स्टार’, साल २००४. त्या बोटीवर तिचा नवरा होता. ती हळू आवाजात म्हणाली, “मास्तर, पुढचं वाचा की. माझा माणूस खोळंबलाय.”

मी वाचले. माझा आवाज मध्येच बसला. आतापर्यंत तसे कधी झाले नव्हते.

नंतर मच्छीमार जोरी नान्स माझ्याजवळ आला. दोरखंड गुंडाळत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “सात साली मी हॉलंडला गेलो होतो ना, तेव्हा पाहिली तिला. निळी रंगवलीय. इंजिन नवं टाकलंय. चांगली ठेवलीय हो त्यांनी, हेडलीपेक्षा चांगली.”

“तुम्हाला माहीत होते?”

“इथे कुणाला माहीत नव्हतं?”

“मग इतकी वर्षे कोणी बोलले कसे नाही?”

“कोण बोलणार? माझ्या भावानं त्याचा परवाना स्पॅनिशांना विकला. पेंडरच्या दिरानं विकला. इथे उभे असलेल्या निम्म्यांनी विकला, मास्तर, आणि उरलेल्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही. कुणीतरी आमचं चोरलं म्हटलं की छाती पिटून रडता येतं. आम्हीच विकलं म्हटल्यावर कुठल्या तोंडानं रडायचं? हेडलीनं आम्हाला रडायला जागा करून दिली.”

मी त्याला विचारले, तुम्ही आता त्यांना मत देणार का?

“देणार की,” तो म्हणाला. “लबाड आहे, पण आमचा आहे. तुम्ही खरे आहात, पण...” आणि सभ्यपणे त्याने वाक्य सोडून दिले. गेला.

म्हणजे माझा सूड फसला. बंदराने तो माझ्या हातातून घेतला, यादीत ठेवला आणि पुढच्या नावाकडे वळले. पुढच्या वर्षी यादी पाद्रीबाई वाचतील. तसा निरोप आजच आला आहे. निरोपाची भाषा अत्यंत शिष्ट होती.

आता आपला प्रश्न.

धक्का रिकामा झाल्यावर आपण एकटेच परत आलात. मला वाटले, आपण हसाल, किंवा माराल. दोन्हींची माझी तयारी होती. आपण खोक्यावर बसलात आणि बूट पाहत राहिलात. म्हणालात, “सहाला थांबलो मी. पाय उचलेना. ताई असती तर मागून ढकललं असतं तिनं.” मग आपण म्हणालात, “दाजी, एकच विचारतो. भांडणात नाही विचारत. शेवटी शेवटी तिनं माझं नाव घेतलं होतं का?”

मी म्हणालो, “नाही.”

आपण मान हलवलीत. टोपी घातलीत. म्हणालात, “बरोबर आहे. का घेईल?” आणि गेलात. मी आपल्याला इतके वाकून चालताना कधी पाहिले नव्हते. पाच महिने मी जे दृश्य मागत होतो ते मला धक्क्यावर, शंभर माणसांसमोर मिळाले नाही. कोणी पाहत नसताना, एका शब्दाने मिळाले. मी घरी आलो आणि माझ्या लक्षात आले की हा सूड मी काल घेतलेला नाही. तो मी नोव्हेंबरातच घेतला होता. काल फक्त त्यावर सही केली.

तिने आपले नाव घेतले होते. पहिल्या दिवशी दुपारी आणि त्यानंतर दर थोड्या वेळाने, दोन्ही दिवस. “हेडलीला बोलव.” फोन तिच्या खाटेपासून सात पावलांवर होता. मी बाहेर जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो, परत आलो आणि तिला सांगितले की आपल्याला कळवले आहे, आपण निघाला आहात. दुसऱ्या दिवशी ती दाराकडे पाहत होती. मी सांगितले, रस्त्यात अडकला असेल. तिने तेही मानले. आपल्याबद्दल तिला कोणतेही कारण पटत असे.

वेळ थोडा उरला आहे हे तिला कळले असावे. तेव्हा तिने मला जवळ बोलावले आणि एक निरोप दिला. मी तो शब्दशः लिहितो: “तो आला की सांग, खेकड्यांचं मी मनात ठेवलेलं नाही. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत बघत नाही, वेडा. त्याला सांग. आणि तुझंही नाही हं, एडगर.”

दोघांसाठी एकच निरोप होता. त्यातला माझा वाटा मी त्याच क्षणी घेतला. त्याच्यावरच मी आजवर जगलो आहे. आपला वाटा मी ठेवून घेतला.

हे पत्र मी पोस्टाने पाठवणार नाही; पोस्टमनकडून आपल्याला तिच्याबद्दल एकदा कळले आहे, तेवढे पुरे. हे संपले की मी टेकडी चढून येईन आणि आपल्या हातात देईन. आपण दार उघडावे. मला आत बोलावू नये. खाण्याचे काही पुढे करू नये. वाचून झाल्यावर आपल्याला जे करायचे असेल ते मी पायरीवर उभा राहून ऐकेन किंवा सोसेन.

मात्र एका बाबतीत गैरसमज नको. निरोप तिचा आहे. माझा नव्हे. मी अजून मनात ठेवले आहे.

एडगर